ल्हासाला विमानाने का गेलो नाही?

"तिबेटच बघायचं होतं, तर सरळ विमानाने ल्हासाला का नाही गेलात? एवढा वळसा कशाला?" फोटो बघून झाले की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्तच आहे. चेंगदूहून विमानात बसलं की दोन-अडीच तासांत ल्हासा. आम्ही मात्र चेंगदूला एक व्हॅन ठरवली आणि पश्चिम सिच्वानमध्ये शिरलो. कांगदिंग, तागोंग, गान्झी, देर्गे असं करत उत्तरेला छिंगहाय प्रांतात गेलो, युशूवरून शीनिंग गाठलं आणि मग तिथून रेल्वेने ल्हासा.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तिबेट ल्हासाला सुरू होत नाही. विमानाने गेलं तर त्याचा मोठा भाग ढगांखालून निघून जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

नकाशावर 'तिबेट' म्हणून जो तुकडा दिसतो, तो चीनने १९६५ मध्ये स्थापन केलेला स्वायत्त प्रदेश. तिबेटी माणूस मात्र आपला मुलूख तीन भागांत मोजतो: ऊ-त्सांग, खाम आणि आम्दो. ल्हासा ऊ-त्सांगमध्ये येतं. आम्दोचा बहुतेक भाग आज छिंगहायमध्ये आहे आणि पूर्वेकडचं खाम सिच्वानमध्ये. २०१० च्या जनगणनेत चीनमधल्या तिबेटी लोकांची संख्या सुमारे ६३ लाख होती. त्यांतले जेमतेम २७ लाख स्वायत्त प्रदेशात राहत होते, बाकीचे सगळे त्या रेषेच्या बाहेर. सातवे दलाई लामा खाममधल्या लिथांगचे. आताचे चौदावे दलाई लामा १९३५ साली जन्मले ते शीनिंगपासून जवळच्या ताक्त्सेर गावात. ज्या गेलुग पंथाचे ते आहेत, त्याचे संस्थापक त्सोंगखापा यांचं जन्मस्थान म्हणजे कुंबुमचा मठ, तोही शीनिंगच्या शेजारी. ल्हासाला ज्यांनी ल्हासापण दिलं, त्यांतली किती माणसं या बाहेरच्या मुलखातून आली! तो मुलूख न बघता ल्हासा बघायचं, हे माझ्या मनाला पटेना.

शरीराचाही प्रश्न होताच. चेंगदू पाचशे मीटरवर आहे, ल्हासा ३,६५० मीटरवर. विमानातून उतरल्या उतरल्या डोकं ठणकायला लागतं, जेवण नकोसं होतं, रात्री झोप लागत नाही. आमच्या गटात साठी ओलांडलेली मंडळी होती आणि एक डॉक्टरही होत्या. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू द्यायची नाही, हा नियम त्यांनी जमेल तिथे कडक पाळायला लावला. गटात ज्याचा श्वास सगळ्यात आधी लागतो, त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. सह्याद्रीत ट्रेक करताना आपण हेच करतो, तिथे तर त्याला पर्यायच नाही.

कांगदिंग अडीच हजार मीटरवर. तिबेटी लोक त्याला दार्त्सेदो म्हणतात. दोन डोंगरांच्या बेचक्यात गाव आणि गावाच्या मधून धडधडत जाणारी नदी. शतकानुशतकं इथे चहाचा बाजार भरायचा. खालच्या या-आन शहराकडून हमाल चहाच्या विटा पाठीवर लादून डोंगर चढून यायचे, आणि इथून पुढे तोच चहा याकांच्या पाठीवरून तिबेटात जायचा. बदल्यात लोकर, कस्तुरी, घोडे खाली उतरायचे. गावामागची ४,२९८ मीटर उंचीची झेदुओ खिंड ओलांडली की जमीनच बदलते. भाताची खाचरं, बांबू, दमट हवा सगळं मागे पडतं, आणि पुढे गवताची पठारं, दगडी घरं, काळे याक. आमचा चालक तागोंगकडचा तिबेटी होता. प्रत्येक खिंडीवर तो काच खाली करून "ल्हा ग्यालो!" अशी आरोळी ठोकायचा आणि कागदी पताकांची मूठभर चिटोरी वाऱ्यावर सोडायचा. देवांचा जय असो! नंतर नंतर आमच्या काकूही त्याच्या जोडीने ओरडायला लागल्या.

गान्झीच्या वाटेवर डोंगरउतारांवर माणसं पोटावर पालथी पडून गवत न्याहाळताना दिसली. मे-जूनमध्ये इथली घरंच्या घरं यार्त्सा गुन्बू शोधायला वर जातात. जमिनीखालच्या एका अळीवर वाढणारी ही बुरशी चिनी औषधांत फार महाग विकली जाते, आणि अनेक कुटुंबांचा वर्षाचा खर्च या काही आठवड्यांच्या कमाईवर चालतो. चालकाचा धाकटा भाऊ तिथेच होता. त्याने आम्हाला तंबूत नेऊन लोण्याचा चहा आणि त्साम्पा दिला. त्साम्पा म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, आपल्याकडे गूळ-पाण्यात कालवतात तसं ते चहात कालवून मुठीने मळायचं. शाकाहारी मंडळींची पुढची सगळी काळजी तिथेच मिटली.

पण मला सांगायचंय ते देर्गेबद्दल. नुसतं देर्गे बघायला मिळालं असतं तरी मी हा सगळा रस्ता केला असता.

देर्गे हे एका जुन्या राज्याच्या राजधानीचं लहानसं गाव, अरुंद खोऱ्यात वसलेलं. तिथला राजा तेन्पा त्सेरिंग याने १७२९ मध्ये ग्रंथ छापायचं घर सुरू केलं, देर्गे पारखांग. ते आजही चालू आहे. लाल भिंतींची ही इमारत बाहेरून मठासारखी दिसते. म्हातारी माणसं जपमाळ ओढत सकाळपासून तिला प्रदक्षिणा घालत असतात. आत देव आहेत म्हणून नव्हे फक्त, ग्रंथ आहेत म्हणून. आत गेलं की अंधाऱ्या दालनांत छतापर्यंत मांडण्या, आणि त्यांत दोन लाखांहून अधिक लाकडी ठसे. भूर्जाच्या जातीच्या लाकडाच्या लांबट फळ्या, दोन्ही बाजूंनी उलटी अक्षरं कोरलेल्या, प्रत्येकीला धरायला मूठ.

वरच्या मजल्यावर माणसं जोडीजोडीने समोरासमोर बसतात. एक जण ठशाला शाई लावतो, दुसरा ओलसर कागद टेकवतो, वरून रूळ फिरतो, कागद उचलला जातो. दोघं एका लयीत इतक्या झपाट्याने वाकतात आणि उठतात की बघता बघता पानांची चळत वाढत जाते. बुद्धवचनांचा संग्रह, म्हणजे कांग्यूर, लाल शाईत छापतात. कागद एका रानझाडाच्या मुळ्यांचा. त्या मुळ्या विषारी असतात, म्हणून त्या कागदाला कीड लागत नाही. अंगणात छापून झालेले ठसे धुवायला ठेवलेले होते आणि लाल पाणी दगडांवरून वाहत होतं.

कांग्यूरच्या जोडीला तेंग्यूर असतो. तो बहुतांशी भारतीय आचार्यांच्या ग्रंथांचा तिबेटी अनुवाद. नालंदा-विक्रमशिलेचे ग्रंथ आपल्याकडे नष्ट झाले, त्यांतले कितीतरी या संग्रहात टिकले. अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'चे मूळ अठ्ठावीस सर्ग. संस्कृतात त्यांतले पहिले चौदाच हाती लागतात, तेही पूर्ण नाहीत. उरलेलं काव्य आपल्याला ठाऊक आहे ते तिबेटी आणि चिनी अनुवादांमुळे. कालिदासाचं 'मेघदूत'सुद्धा तेंग्यूरमध्ये आहे. आमच्याबरोबर संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. हे सगळं त्यांना पुस्तकांतून माहीत होतं, पण त्या मांडण्यांसमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना बोलता येईना. माझंही तसंच झालं. आपल्या पूर्वजांचं लिखाण इतक्या दूर, इतक्या उंचावर, परक्या लिपीत कुणीतरी पोटच्या पोरासारखं जपलंय. खाममधले कितीतरी मठ सांस्कृतिक क्रांतीत जमीनदोस्त झाले, हे घर वाचलं. त्याबद्दल मला वाटणारी कृतज्ञता मी अजूनही नीट शब्दांत मांडू शकत नाही.

देर्गेच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर जिनशा नदी आहे, म्हणजे यांगत्सेचा वरचा प्रवाह. नदीपलीकडे स्वायत्त प्रदेश. परदेशी माणसाला तिथे वेगळा परवाना लागतो, म्हणून आम्ही उत्तरेला वळलो. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे भाषा तीच, मठ तसेच, माणसंही एकमेकांचे सोयरे.

शेरशूची पठारं ४,२०० मीटरवर आहेत, तिथे फक्त थंडी लक्षात राहिली. युशू मात्र विसरता येणार नाही. १४ एप्रिल २०१० च्या भूकंपात हे गाव जवळजवळ पुरतं कोसळलं आणि अडीच हजारांवर माणसं गेली. आज दिसतात ती घरं सगळी नवी. गावाबाहेर ग्यानाक मणीचा ढीग आहे. 'ॐ मणि पद्मे हूँ' कोरलेले दगड पिढ्यान्‌पिढ्या आणून रचलेले, नजर पोचेल तिथवर. भूकंपात तोही ढासळला होता, लोकांनी पुन्हा रचला. पुढे बायान हारची खिंड लागली, ४,८२४ मीटर. तिच्या दक्षिणेचं पाणी यांगत्सेला मिळतं, उत्तरेचं पीत नदीला. त्या भागात जमीन गोठते आणि वितळते, त्यामुळे रस्ता लाटांसारखा वरखाली झालाय आणि गाडीत सगळे उडत होते.

शीनिंगला प्रवासी कंपनीने काढून ठेवलेला तिबेटचा परवाना हातात पडला आणि आम्ही गाडीत बसलो. गोलमुड ते ल्हासा हा लोहमार्ग १ जुलै २००६ ला सुरू झाला. वाटेतलं तांगुला स्थानक ५,०६८ मीटरवर आहे, डब्यांत प्राणवायू सोडतात. एव्हाना आमची शरीरं सरावली होती आणि सगळे खिडक्यांना चिकटून रानगाढवं शोधत होते.

ल्हासाला जोखांग मंदिराभोवती बारखोरच्या, म्हणजे प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या, फेऱ्यात उभं राहिलो तेव्हा त्या वळशाचं मोल कळलं. गर्दीतला केसांत लाल गोंडा गुंडाळलेला उंच माणूस खामचा, मेंढीच्या कातड्याचा जाड कोट एका खांद्यावरून सोडलेल्या त्या बायका बहुधा आम्दोच्या. एरवी सगळी 'तिबेटी गर्दी' म्हणून डोळ्यांसमोरून गेली असती. आम्हाला त्यांची गावं ठाऊक होती, ती किती लांबून आली हे ठाऊक होतं.

जायचं मनात असेल तर मार्च टाळा. १० मार्च १९५९ च्या उठावाच्या स्मृतिदिनाच्या आसपास स्वायत्त प्रदेश परदेशी प्रवाशांना बहुधा बंद असतो, आणि खामचे तालुकेही आयत्या वेळी बंद होतात. वेळापत्रकात दोन-चार दिवस मोकळे ठेवा. लहान गावांतलं प्रत्येक हॉटेल परदेशी पाहुणे घेत नाही, त्यामुळे मुक्काम आधी पक्का करा. दलाई लामांचं चित्र किंवा त्यांचं पुस्तक सामानात नको, तिथे त्याला बंदी आहे. स्वायत्त प्रदेशात गाइड बरोबर असावाच लागतो. त्याला राजकारणाचे प्रश्न कृपा करून विचारू नका. आपण आठवड्याने घरी परततो, उत्तराचा जाब त्याला द्यावा लागतो. आणि देर्गेला एक अख्खा दिवस ठेवा, शक्य असेल तर दोन.