उंदराला कसलं आलंय टेन्शन?

मी काही वर्षं प्रयोगशाळेत उंदरांवर काम केलं, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत असो नाहीतर सोसायटीच्या गच्चीवर. परवा शेजारच्या काकांनी विचारलाच, "उंदराला कसलं आलंय टेन्शन? आणि नशेची औषधं देऊन ते कमी झालं, हे तुम्हाला सांगतो कोण?"

काका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सांगत कोणीच नाही. आम्ही बघत बसतो.

अधिकच्या चिन्हासारखा एक चौरंग असतो, जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंच. समोरासमोरच्या दोन फांद्यांना भिंती, उरलेल्या दोन उघड्या. उंदराला मधोमध सोडायचं आणि पाच मिनिटं मोजायची. उघड्यावर घार असते, मांजर असते, हे त्याच्या रक्तातच आहे, त्यामुळे तो भिंतीच्या आडोशाला पळतो. पण नवी जागा हुंगल्याशिवायही त्याला राहवत नाही. मग उंबऱ्यात घुटमळणं सुरू होतं: मागचे पाय आत, अंग ताणून लांब केलेलं, मिशा थरथरतायत. क्षणभर डोकावतो आणि सुर्रकन मागे. उघड्या फांदीवर किती वेळ काढला, हे आमचं माप. लेंड्याही मोजतात, घाबरला की जास्त टाकतो. पुढच्या उंदराला आधीच्याचा वास येऊ नये म्हणून मग ७० टक्के अल्कोहोलने सगळं पुसायचं. माझ्या हातांना कायम तोच वास यायचा.

डीओआय नावाचं एक रसायन आहे. एलएसडी हे भ्रम आणणारं औषध मेंदूतल्या ज्या सेरोटोनिन-२ए ग्राहीवर, म्हणजे पेशीवर रसायन येऊन चिकटतं त्या जागेवर, काम करतं, तिथंच हेही काम करतं. ते दिलेले उंदीर उघड्यावर जास्त रेंगाळतात. शिवाय मधेच डोकं झटकतात, कानात पाणी गेल्यासारखं. भ्रम आणणाऱ्या औषधांची खूण म्हणून हे झटके मोजले जातात, पण उंदराला काय दिसतं ते उंदीरच जाणे.

आता तुमची खरी शंका. भीती गेली, की भानच गेलं? दारू प्यालेला माणूसही कठड्यावरून चालतोच की! म्हणून उंदीर एकूण किती फिरला तेही बघतात, दुसऱ्या चाचण्याही लावतात. तरी माझं समाधान व्हायचं नाही.

ते थोडंफार झालं २०२४ साली. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या विदिता वैद्य यांच्या गटाने हे कोडं मेंदूच्या एका कोपऱ्यापर्यंत नेलं. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग म्हटला की आपल्याला स्मरणशक्ती आठवते, पण त्याच्या खालच्या भागाचा भीतीशी जवळचा संबंध आहे. डीओआय थेट तिथं सोडलं तरी उंदीर धीट होतात. तिथं पार्व्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन असलेल्या चेतापेशी आहेत, शेजारच्या पेशींना आवरून धरणाऱ्या. वर्गात गलका वाढला की छडी आपटणाऱ्या बाईंसारख्या. औषधाने त्यांचा जोर वाढतो. ज्या उंदरांत ती ग्राही जन्मतःच नाही, त्यांच्यावर औषधाचा हा परिणाम होत नाही. पण फक्त याच पेशींत ती परत आणली, की धीटपणा परत येतो. सगळं भान सुटलं असतं, तर मूठभर पेशींवर ते इतकं नेमकं अडलं नसतं, असं मला वाटतं.

येल विद्यापीठातलं २०२१चं कामही गाजलं. सायलोसायबिन या भ्रम आणणाऱ्या अळंब्यांतल्या रसायनाच्या एकाच डोसनंतर उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात चेतापेशींवरचे जोडणीचे कोंब सुमारे १० टक्क्यांनी वाढले, त्यातले काही महिन्यानंतरही टिकून होते. मात्र कोंब वाढले म्हणजे काळजी मिटली, असं कोणी सांगितलं तर मी दोन प्रश्न जास्तच विचारीन.

एवढं ऐकून काका म्हणाले, "म्हणजे गोळी कधी येणार?" त्यांना सांगितलं की एलएसडी आणि सायलोसायबिन आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात येतात, जवळ बाळगलं तरी गुन्हा. शिवाय धीट झालेला उंदीर आमच्या चौरंगावर सुखरूप असतो. खाली मांजर नसतं.

"मांजर ठेवून बघा ना एकदा," काका म्हणाले.