संध्याकाळचा चोर सापडला

मावशी मान वळवून पडद्यावरचा कर्सर चालवते, कॅमेरा तिच्या नाकाचा बिंदू टिपतो आणि माझा प्रोग्राम तसा कर्सर हलवतो. मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की संध्याकाळी मावशीची मान थकते, म्हणून कर्सर बटणापुढे जातो. ते साफ चूक होतं. मावशी अक्षरफलकावर (अक्षरं दाखवून बोलायच्या पाटीवर) पुन्हा पुन्हा सांगत होती, "मान ठीक आहे." मी तिचं ऐकायला तीन आठवडे लावले.

शेवटी प्रत्येक फ्रेमची, म्हणजे कॅमेऱ्याच्या एकेका चित्राची वेळ फाइलीत लिहून घेतली. दुपारी दोन फ्रेममधलं अंतर ३३ मिलिसेकंद, दिवेलागणीनंतर ६६! उजेड कमी झाला की कॅमेरा आपणहून एक्स्पोजर, म्हणजे एका चित्रासाठी उजेड घ्यायचा वेळ, वाढवतो आणि सेकंदाला ३० फ्रेमचे १५ करतो. कर्सरची थरथर गाळणारा माझा वन युरो फिल्टर मात्र ३० धरूनच चाललेला. त्यामुळे सावकाश हालचालीत कर्सर दुप्पट मागे रेंगाळायचा, मावशी मान आणखी वळवायची आणि तो बटण ओलांडून जायचा. त्याहून वाईट म्हणजे ड्वेलसुद्धा (बटणावर कर्सर ठरावीक वेळ थांबला की होणारा क्लिक) मी फ्रेम मोजूनच करत होतो. एक सेकंदाचा ड्वेल संध्याकाळी दोन सेकंदांचा व्हायचा आणि तेवढा वेळ तिला मान स्थिर धरावी लागायची. हे कळल्यावर फार वाईट वाटलं.

आता फिल्टर आणि ड्वेल दोन्ही खऱ्या वेळेवर चालतात. एक्स्पोजर हाताने बांधून टाकलं आहे. चित्र काळवंडलं, म्हणून दिव्याचा झोत समोरच्या भिंतीवर सोडला. थेट तोंडावर आला तर तिचे डोळे चुरचुरतात. काल रात्री तिने एकही चुकीचा क्लिक न होता "खिडकी उघड" लिहिलं. मी आधी खिडकी उघडली, मगच लॉग सेव्ह केला.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत आता पक्कं आहे: या कामाला स्थिर फोकसचाच घ्यावा. ऑटोफोकसवाला मध्येच फोकस शोधू लागला की नाकाचा बिंदू हलतो. डोक्याच्या हालचालीने कर्सर चालवणाऱ्या 'कॅमेरा माउस' या प्रोग्रामपासून मी सुरुवात केली, तो २००७ पासून मोफत आहे आणि नव्याने शिकणाऱ्याला मी आजही तोच सुचवेन. पण मान वळली की त्याचा बिंदू नाकपुडीकडे घसरायचा, म्हणून चेहऱ्यावरचे बिंदू शोधणाऱ्या मीडियापाइप या सॉफ्टवेअरवर आलो. त्याचे ४६८ बिंदू दर फ्रेमला चेहऱ्यावर नव्याने बसतात, घसरण साठत नाही.

थरथर मात्र उरलीच आहे. ६४० रुंदीच्या चित्रात मावशीचं नाक जेमतेम ४० पिक्सेल सरकतं आणि पडदा १९२० चा. म्हणजे नाकाचा एक पिक्सेल तिकडे ४८ होतो. पुढचा बेत भुवई उंचावून क्लिक करण्याचा होता, पण हा हिशेब लिहितानाच सुचलं की आधी १२८० वर चालवून बघावं. तिथे नाक ८० पिक्सेल सरकेल, गुणक २४ वर येईल. प्रोसेसरला झेपलं नाही तर पूर्ण चित्र न घेता फक्त चेहऱ्याचा तुकडा कापून देईन. भुवई थांबू दे. उद्या दिवेलागणीनंतरच चाचणी घेतो, आणि या वेळी मान थकली की नाही ते आधी मावशीला विचारून.