जळाला तरी पुन्हा तसाच डबा?

"तो जळाला ना? मग परत तसलाच का आणलास?" घरच्या सोलरचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या सुरात काळजी थोडी आणि 'आम्ही सांगत होतो' जास्त. तसला म्हणजे ऑल-इन-वन हायब्रिड: इन्व्हर्टर, सोलरचा एमपीपीटी (पॅनलच्या विजेने बॅटरी भरणारा कंट्रोलर), लाइनवरचा चार्जर आणि लाइन-बॅटरी बदलणारा रिले, सगळं एकाच पेटीत. एक भाग गेला की अख्खी पेटी गेली, हे मला अजून कळलेलं नाही अशी सगळ्यांची समजूत आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते. पुढच्याला हेच वाचायला देईन.

वेगळ्या भागांची बाजू मला कुणी शिकवायची गरज नाही. आमच्याकडे आधी वेगळेच भाग होते आणि मी त्यांची कट्टर वकील होते. एमपीपीटी वेगळा, इन्व्हर्टर वेगळा, चार्जर वेगळा. इन्व्हर्टर गेला तरी पॅनल बॅटरी भरत राहतात, जो बिघडला तोच बदलायचा. यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही.

पण त्या भिंतीवरच्या तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पहाटे लाइनवरचा चार्जर बॅटरी 56 व्होल्टवर नेऊन धरायचा. ऊन वर आलं की एमपीपीटीला बॅटरी भरलेली दिसायची आणि तो हात आखडता घ्यायचा. छतावर लख्ख ऊन आणि आम्ही लाइनचे युनिट जाळतोय. चार्जरचा व्होल्टेज दोनेक व्होल्ट खाली ठेवला की हे सुटतं. मी तसं सोडवलंही. पण लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यावरून ती किती भरली आहे ते नीट कळत नाही. म्हणजे पुन्हा वेगळा मीटर, त्याची वेगळी सेटिंग. हे सगळं डोक्यात असलेली घरात एकच व्यक्ती, मी. माझ्या त्या वेळच्या वादात हा मुद्दा कधी आलाच नाही, कारण वाद घालणारी मी आणि भिंतीसमोर उभी राहणारीही मीच.

शेवटी तिघांना उतरवून ही एकच पेटी आणली. आता ती जळाली ती संध्याकाळ. मी बाहेरगावी होते, नवराही घरी नव्हता. सासूबाई ऑक्सिजनच्या मशीनवर, सोबत फक्त सासरे. त्यांचा फोन आला.

"अगं, डब्यावर लाल दिवा लागलाय. आकडा लुकलुकतोय. जळका वास येतोय. घरात काहीच चालू नाही, पण शेजारी लाइट आहे."

"आईंचं मशीन?"

"बंद. नुसतं केकाटतंय."

बॅटरी जवळजवळ भरलेली होती, लाइनही होती. तरी घरात अंधार, कारण घराकडे जाणारी वीज त्या पेटीतूनच जाते. आतला बायपास रिले त्याच जळक्या पेटीतला. ती फॉल्टमध्ये गेली की आउटपुट बंद, बाहेर वीज असो वा नसो. टोमणे मारणाऱ्यांनी हे वाक्य जपून ठेवावं, त्यांच्या बाजूचा याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

मी आधी ऑक्सिजनचा सिलिंडर लावायला सांगितलं. "लावतोय गं, पण हात थरथरतोय." चकती फिरवल्याचा आवाज, मग शांतता, मग "लागला." तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते इथे लिहीत नाही.

पेटीशेजारी स्विचचे चार दांडे आहेत आणि त्यांवर मी रंगाने आकडे घातले आहेत: पॅनलचा 1, बॅटरीचा 2, पेटीत येणाऱ्या लाइनचा 3 आणि घर पेटीवरून थेट लाइनवर टाकणारा चेंजओव्हर 4. "बाबा, डब्याला हात लावू नका. चार नंबर मधे आणा. आला? आता पूर्ण खाली." खट्ट असा आवाज मला फोनवरही ऐकू आला आणि मागोमाग मशीन घरघरू लागलं. घर थेट लाइनवर आलं होतं. मग 1, मग 2, मग 3 पाडून घेतले. वास हळूहळू गेला. सासरे म्हणाले, "एवढंच होतं होय?" आणि मला फोनवरच रडू फुटलं. त्यांना वाटलं रेंज गेली.

दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली तेव्हा बॅटरीकडच्या बाजूचे मॉस्फेट, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, उडालेले होते.

आता माझ्यातली जुनी वकील उठून विचारते: चेंजओव्हर तर वेगळ्या भागांनाही लावता येतो. मग श्रेय डब्याला कसलं? बरोबर आहे, येतो. पण जुन्या भिंतीसमोर बाबा उभे असते तर माझा पहिला प्रश्न असता, 'कोणता दिवा लागलाय?' एमपीपीटीचा, इन्व्हर्टरचा, की मीटरचा? फोनवरून बिघाड शोधत बसले असते. माझा स्वभावच तसा आहे. पेटीत शोधायचं काही नसतं, अख्खी पेटी बाजूला काढायची. ती वकील म्हणते, हा दोष तुझ्या स्वभावाचा, भिंतीचा नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि पुढचे कित्येक आठवडे पेटी दुरुस्तीला होती. छतावर ऊन पडून वाया गेलं, भरलेली बॅटरी कोपऱ्यात गप्प. वेगळे भाग असते तर दुसऱ्या दिवशी उसना इन्व्हर्टर जोडून काम भागलं असतं. त्या आठवड्यांत मला कुणी हा प्रश्न विचारला असता तर मी बहुतेक भांडले असते.

तरी पेटीच आणली. मात्र या वेळी दुकानदाराला छळून घेतलं, आणि तुम्हीही केव्हीएचा, म्हणजे क्षमतेचा, आकडा ऐकून मान डोलवू नका. पहिलं म्हणजे ती लाइनमध्ये वीज परत सोडते का, की लाइनकडून फक्त घेते? दोन्ही प्रकार हायब्रिड म्हणूनच विकले जातात, आणि दुसऱ्या प्रकारातल्या बऱ्याच पेट्या बॅटरीला लोड झेपेना की अख्खं घर लाइनवर टाकतात. दुसरं, काही न चालवता स्वतः किती खाते? 50 वॅट ऐकायला क्षुल्लक, पण दिवसाला 1.2 युनिट होतात, 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण 5 युनिटच असतात. जवळजवळ चौथा हिस्सा पेटीच्या पोटात! माहितीपत्रकात हा आकडा सगळ्यांत बारीक अक्षरात असतो.

पॅनलची माळ (एकापुढे एक जोडलेले पॅनल, त्यांचे व्होल्ट एकत्र होतात) लावताना थंडीचा हिशेब करा. थंडीत व्होल्टेज वाढतो, दर अंशाला साधारण 0.3 टक्के. 49.5 व्होल्टचे नऊ पॅनल म्हणजे 25 अंशांना 445. 450 व्होल्टची मर्यादा असलेल्या पेटीला चालतील असं वाटतं. 5 अंशांच्या सकाळी तेच 472 होतात आणि पेटीचा इनपुट जाऊ शकतो. पंप असेल तर सुरू होतानाचा झटका बघा, मोटर चालू प्रवाहाच्या पाच-सात पट ओढते. जड ट्रान्सफॉर्मरवाली पेटी तो हलक्या पेटीपेक्षा बराच जास्त वेळ सोसते. आणि बॅटरीवर चालताना न्यूट्रल-अर्थचा जोड पेटी स्वतः करते का, हे इलेक्ट्रिशियनला विचाराच. तो जोड नसेल तर शॉकपासून वाचवणारा गळतीचा ब्रेकर ऐन वेळी पडेलच असं नाही. चेंजओव्हरचं पुन्हा सांगत नाही.

सासूबाईंच्या मशीनला आता स्वतःचा वेगळा छोटा बॅकअप आहे. तो पेटीच्या भरवशावर नाही. यावर तुम्ही म्हणाल, म्हणजे तुझाही पेटीवर विश्वास नाहीच! म्हणा.

सध्या घरात वेगळीच चर्चा चालू आहे: पुढे लोड वाढला तर एक मोठी पेटी घ्यायची की दोन लहान समांतर जोडायच्या. दोन असल्या तर एक गेल्यावर दुसरीवर निम्मं घर चालेल, असं नवरा म्हणतो. पण दोघींचं स्वतःचं खाणं दुप्पट, शिवाय त्या एकाच संदेशवाहक तारेने बांधलेल्या. ती तार किंवा एकीचा बोर्ड बिघडला तर दुसरी खरंच एकटी चालते का, हे मला दुकानात समोर चालवून दाखवा असं मी सांगितलं आहे. दुकानदार पुढच्या आठवड्यात या म्हणाला.