गाडीखाली शिरल्याशिवाय सौदा नाही

माझा पहिला मिनी ट्रक मी रंग बघून घेतला होता. हौदा गुळगुळीत, केबिन चकाचक, आणि खालूनही सगळीकडे ताजा काळा रंग. मला वाटलं, मालकाने गाडी जपलेली दिसतेय. पाच महिन्यांनी फरशीची खोकी भरत असताना मागच्या चाकापाशी ‘कट्’ असा आवाज झाला. वाकून बघितलं तर चेसिसच्या (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) उजव्या पट्टीला नख जाईल एवढी चीर, आणि तिथला रंग सोलून आत जुनं वेल्डिंग दिसत होतं. तो रंग गाडी जपण्यासाठी नव्हता, ते वेल्डिंग झाकण्यासाठी होता.

म्हणून यंदा दुसरी गाडी शोधायला निघालो तेव्हा मी एकच गोष्ट धरून बसलो: या गाडीने आजवर काय वाहिलंय आणि किती वाहिलंय? मीटरवरचे किलोमीटर मला दुय्यम वाटतात. हलका माल घेऊन लाखभर किलोमीटर पळालेली गाडी ठणठणीत असू शकते, आणि दुप्पट माल लादून त्याच्या निम्मं पळालेली आतून खचलेली असते.

सोबत बॅटरी, छोटा आरसा, स्क्रू ड्रायव्हर आणि अंथरायला एक पोतं. माझा मोठा भाऊ गॅरेजात काम करतो, तो आदल्या रात्रीच म्हणाला होता, “फोन करून सांग, इंजिन आधी चालू करू नका.” तसं सांगितलं होतं. गेल्यावर पहिल्यांदा सीट उचलली, कारण बऱ्याच मिनी ट्रकांत इंजिन सीटखालीच असतं, आणि इंजिनला हात लावून बघितला. गार होतं. गरम असतं तर मी तिथूनच परतलो असतो. गरम इंजिन कुठलंही पटकन सुरू होतं, खरी परीक्षा गार असतानाच.

एका चावीत सुरू झालं. पहिला थोडा पांढरा धूर वाफेचा, तो दोन मिनिटांत थांबला. थांबला नसता तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सिलिंडरमध्ये जात असल्याची शंका घ्यावी लागली असती. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. मग ऑइलचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवलं. ते नुसतं थरथरत राहिलं. पिस्टनच्या रिंगा झिजून संपलेल्या असत्या तर आतल्या दाबाने उडून पडलं असतं.

इथवर दहा मिनिटं. पुढचा पाऊण तास मी गाडीखाली होतो.

चेसिसची चीर एकदम उघडी दिसत नाही. आधी रंगावर केसाएवढी तांबूस रेघ उमटते, आतला गंज पाझरतो तिथे. पाट्यांचे (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांचे) ब्रॅकेट जिथे चेसिसला बसतात ती जागा आणि केबिनच्या लगेच मागची जागा, या दोन ठिकाणी जास्त वेळ द्यायचा. आरसा धरून पट्टीची वरची बाजूही बघायची. नंतर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. चांगलं लोखंड खणखणतं, आत गंजलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे पडतात. मासळी, मीठ किंवा खत वाहिलेल्या गाडीत गंज नेमका हौदा आणि चेसिस यांच्या मध्ये बसतो, वरून त्याचा पत्ताच लागत नाही. या गाडीत तिथला रंग जुना आणि धुळकट होता. मला तर तेच बघून बरं वाटलं.

पाटे मोजले. डावीकडे आणि उजवीकडे सारखेच, पण दोन्हीकडे एकेक पाटा बाकीच्यांपेक्षा नवा, काळाकुळकुळीत. म्हणजे कुणीतरी जादा पाटा टाकून माल वाढवलाय. बाहेर येऊन मालकाला विचारलं, “काका, जास्तीचा पाटा कधी टाकलात?” ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “दोन वर्षं सिमेंट वाहिलं होतं.” लपवलं नाही, याचं मला मनापासून बरं वाटलं. मी परत खाली शिरलो आणि ब्रॅकेटच्या कडा पुन्हा एकदा बोटाने चाचपल्या.

टायरच्या कडेवर छापलेल्या नंबराचे शेवटचे चार आकडे वाचायला विसरू नका. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. 3621 म्हणजे 2021 सालचा 36 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर तडकतं. कागदावरचा चेसिस नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवायचा. सतरा खुणांच्या नंबरात I, O, Q ही अक्षरं नसतातच, त्यामुळे गोल दिसेल तो शून्यच.

रिकामी गाडी चालवून मी कधीच होकार देत नाही. रिकामी असताना सगळं गोड वाटतं. वाळूची पोती भरून चढावर नेली. क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी पळत नाही. तसं झालं नाही. उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबली, कुठे ओढली नाही. फक्त परत आल्यावर डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याच्या) पुढच्या तोंडाशी ऑइलचा ओला थर दिसला. ऑइल अडवणारं सील गेलं होतं. तेवढे पैसे कमी करून घेतले आणि गाडी घेतली.

सील पहिल्याच आठवड्यात बदललं. काल मालाची खेप करून आल्यावर तेच पोतं अंथरून खाली शिरलो. सील कोरडं होतं, आणि ब्रॅकेटपाशी तांबूस रेघ नव्हती.