वरच्या ओठाची खाच आणि लिप फिलर : माझा अनुभव

मी ९ वर्षांची असताना पर्वतीच्या पायऱ्या धावत उतरताना पडले, वरच्या ओठाला टाके पडले आणि डावीकडे एक खाच कायमची राहिली. आई म्हणायची कुणाच्या लक्षातही येत नाही, पण मला रोज दिसायची ना, लिपस्टिक लावताना रेष बरोबर तिथेच तुटायची. शेवटी यंदा, ३४व्या वर्षी, ठरवलं की फिलर करून, म्हणजे ओठात सुईने जेल भरून, बघायचं.

आधी घराजवळच्या एका ठिकाणी गेले. तिथे म्हणे एकाच वेळी पूर्ण १ मिली भरून टाकू, मस्त दिसेल. वणाचं विचारलं तर त्याने काही फरक पडत नाही म्हणाले, आणि हायल्युरोनिडेझ ठेवता का असं विचारलं तर ते काय असतं हेच समोरच्या मुलीला माहीत नव्हतं. मी तिथूनच उठले. कारण लिप फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल, आणि ते विरघळवणारं एन्झाइम म्हणजे हायल्युरोनिडेझ. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं, ओठाचा रक्तपुरवठा अडला, तर ते लगेच द्यावं लागतं, तेव्हा कुठून मागवत बसणार?

मग कर्वे रोडवरच्या एका स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. पहिल्या भेटीत सुई नाहीच, नुसत्या गप्पा आणि फोटो, समोरून, दोन्ही बाजूंनी, हसताना पण. तापात ओठावर पाण्याचे फोड येतात का विचारलं, कारण तसं असेल तर आधीपासून गोळ्या देतात. दाताचं काही काम चालू आहे का, रक्त पातळ करणारं काही घेतेस का, तेही विचारलं. एन्झाइम मी विचारायच्या आधी त्यांनीच फ्रिज उघडून दाखवलं, तेव्हाच मनाने ठरवलं की करायचं तर इथेच.

प्रत्यक्ष फिलरच्या दिवशी ओठ स्वच्छ करून बधिर करणारं क्रीम लावलं आणि अर्धा तास बसवलं. मग पांढऱ्या पेन्सिलीने खुणा. मी सगळं विचारत होते आणि मॅडम न कंटाळता सांगत होत्या. ओठाच्या मुख्य धमन्या बहुतेकांमध्ये आतल्या ओल्या बाजूला, स्नायूच्या मागे असतात, त्यामुळे सुई वरच्या थरात ठेवायची, पण फारच वर राहिली तर जेल निळसर दिसतं. बोथट टोकाची कॅन्युला, म्हणजे बारीक लवचिक पोकळ नळी, रक्तवाहिनीत शिरायची शक्यता कमी, म्हणून बाकीच्या ओठाला तीच वापरली, बाजूला एक छोटं छिद्र करून आत सरकवायची आणि मागे ओढत ओढत अगदी हळू जेल सोडायचं. वणाच्या जागी मात्र कॅन्युला अडते, आतलं टिश्यू घट्ट चिकटलेलं असतं, तिथे जोर लावून भरलं तर जेल खाचेत न बसता दोन्हीकडे फुगतं. म्हणून तिथे बारीक सुईने थेंब थेंब. थोडं टोचायचं, थांबायचं, ओठ दाबून पांढरा करायचा आणि गुलाबी रंग पटकन परत येतो का बघायचं, मग पुढचा थेंब. पिस्टन मागे ओढून रक्त येतंय का तेही बघत होत्या, पण नुसत्या त्यावर विसंबायचं नाही म्हणाल्या, जेल घट्ट असल्यामुळे सुई वाहिनीत असूनही रक्त दिसत नाही कधी कधी.

वणाजवळ दुखलं, डोळ्यात पाणी आलं, बाकी नुसता ताण जाणवला. एकूण ०.६ मिली वापरलं आणि उरलेलं माझ्यासमोर टाकून दिलं. पैसे पूर्ण सिरिंजचे गेले, वाईट वाटलं, पण उघडलेली सिरिंज ठेवून नंतर वापरणं मला तरी नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ एवढे सुजले की आई काही बोललीच नाही, गार वरणभात कालवून पुढे ठेवला. रात्री दहाला खाचेजवळ जांभळा डाग दिसला आणि मी घाबरून मॅडमना फोन केला. त्यांनी व्हिडिओ कॉलवर ओठ दाबायला लावला, सोडल्यावर रंग लगेच आला, दुखणं वाढत नव्हतं, जाळीसारखे चट्टे नव्हते, म्हणजे रक्तपुरवठा अडलेला नव्हता, साधं रक्त साकळलेलं. तरी म्हणाल्या, दुखायला लागलं किंवा पांढरं पडलं तर किती वाजलेत बघू नकोस, फोन कर, मी क्लिनिक उघडते. त्या वाक्यावर मी झोपले.

सूज तिसऱ्या दिवसापासून उतरली, आत लागणारी बारीक गाठ दोनेक आठवड्यांत विरली, मध्ये दाबून मोडायचा मोह झाला पण मॅडमनी हात लावू नको सांगितलं होतं. चार आठवड्यांनी परत फोटो काढले. खाच पूर्ण गेली नाहीये, हसले की अजून हलकी दिसते, मॅडम म्हणाल्या अजून भरलं तर वरचा ओठ पुढे येईल, इथेच थांबू. मलाही पटलं. परवा चुलतबहिणीच्या केळवणाला मरून लिपस्टिक लावली, रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात गेली आणि आई आरशात मागून बघत होती.