‘धिस इज नॉट अ बिल’

फेब्रुवारीत इथे अमेरिकेत लेक घराबाहेरच्या बर्फावर घसरली आणि मनगटावर आपटली. रात्रीचे नऊ वाजून गेलेले, अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ दुखण्याखुपण्याचा दवाखाना, बंद. सरळ ईआर, म्हणजे हॉस्पिटलची इमर्जन्सी रूम, गाठली. खाटेसमोरच्या फळ्यावर नर्सने ‘एनपीओ’ लिहिलं. मला वाटलं, एखाद्या विभागाचं नाव असेल. पोरगी रडून दमली होती, म्हणून पर्समधला पार्ले-जी काढला. दुसरं बिस्किट अर्धं होतंय तोच नर्स धावत आली. एनपीओ म्हणजे तोंडातून काही द्यायचं नाही! हाड बसवायला गुंगीचं औषध द्यावं लागलं असतं तर उलटी श्वासनलिकेत जायची भीती. आपल्याकडे यालाच ‘एनबीएम’ लिहितात, तेवढं मला नक्की कळलं असतं. नशिबाने हाड जागेवर होतं, स्प्लिंटवर भागलं.

आईला फोन केला. ‘कॅशलेस झालं ना गं?’ मी ‘हो’ म्हणून मोकळी झाले.

तीन आठवड्यांनी विमा कंपनीचं पाकीट आलं. हॉस्पिटलने लावलेले ३,८४० डॉलर, कंपनीच्या कराराची सूट २,३१०, कंपनीने दिले शून्य, तुमच्याकडून येणं १,५३०. आणि वर ठळक अक्षरांत: ‘धिस इज नॉट अ बिल’. नवरा म्हणाला, बिल नाही म्हणतायत ना, मग राहू दे. कागद फ्रीजवर चुंबकाखाली गेला. हा ईओबी, म्हणजे विमा कंपनीने मांडलेला नुसता हिशेब. खरं बिल हॉस्पिटलकडून मागून आलं. शिवाय ईआरच्या डॉक्टरांचं वेगळं, आणि एक्स-रे वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं वेगळं, ज्यांचं आम्ही तोंडही पाहिलं नव्हतं.

शून्य का? तर डिडक्टिबल. आमचं २,००० डॉलरचं आहे. वर्षात तेवढे खिशातून गेले की मग कंपनी जागी होते. दर जानेवारीला पाटी कोरी, त्यामुळे फेब्रुवारीत पडणं फारच महागात. त्यानंतरही ८० टक्के कंपनीचे, २० आमचे. याला को-इन्शुरन्स म्हणतात; को-पे वेगळा, तो डॉक्टरकडे गेल्यावर द्यायचा ठरावीक आकडा. या सगळ्याला वरून एक झाकण असतं, आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम. २०२५ साठी कायद्याने ते एका माणसामागे जास्तीत जास्त ९,२०० डॉलर होतं, तेही नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या, उपचारांपुरतंच. दरमहा पगारातून कापला जाणारा प्रीमियम त्यात धरत नाहीत.

रेडिओलॉजिस्ट नेटवर्कबाहेरचे निघाले आणि त्यांचा दर आणि विमा कंपनीने मान्य केलेली रक्कम यांतला फरकही त्यांनी आमच्याच माथी मारला. इथे मात्र मी भांडले. जानेवारी २०२२ पासून ‘नो सरप्रायझेस अॅक्ट’ आहे. इमर्जन्सीत असा फरक पेशंटकडून घेता येत नाही. दोन फोन, चाळीस मिनिटं होल्डवरचं संगीत, आणि बिल दुरुस्त झालं. (रस्त्यावरची अॅम्ब्युलन्स या कायद्यात येत नाही, तेव्हा आम्ही आपल्या गाडीने गेलो ते बरंच झालं.) आता ईओबी शेजारी ठेवून आकडे जुळल्याशिवाय मी एक डॉलरही भरत नाही.

मे महिन्यात आई येतेय. तिच्या पुण्याच्या चिठ्ठीवर बीपीच्या गोळीपुढे ‘ओडी’ आहे, म्हणजे दिवसातून एकदा. इथे ओडी म्हणजे उजवा डोळा, नाहीतर ओव्हरडोस. दिवसातून दोनदा म्हणजे आपलं ‘बीडी’, त्याचं इथे ‘बीआयडी’; गरज पडली तरच म्हणजे ‘एसओएस’, त्याचं ‘पीआरएन’. काल रात्री बसून तिची सगळी औषधं पूर्ण शब्दांत लिहून काढली. फोनवर वाचून दाखवली तर म्हणाली, ‘अगं, गोळी कधी घ्यायची ते मला पाठ आहे. बिस्किटं आणू का?’