समासातला रंकाळा

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, तरी ते ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ वाचायचे. कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या बोळात त्यांचा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या ऑर्डरी, यावर घर चालायचं. अमेरिकेचं मासिक नवं कोरं कोण घेतंय? रद्दीवाल्याकडं ते किलोवर मिळायचं, दोन-चार वर्षांचं शिळं, कधी मुखपृष्ठ फाटलेलं.

वाचायचे म्हणजे फोटोखालचे आकडे. एफ ८ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं, १/१२५ म्हणजे सेकंदाचा कितवा भाग, लेन्स कुठली, रोल कुठला. मी लेख वाचून दाखवायला लागले की म्हणायचे, “ऱ्हाऊ दे गं ते. रोल कुठला हाय तेवढं बघ.” मग समासात पेन्सिलनं त्यांचा हिशेब उतरायचा : ‘रंकाळा, सकाळी ८, ढग. ५.६ लागंल.’ आठपेक्षा एक स्टॉप जास्त उघडं, म्हणजे उजेड दुप्पट. मागच्या पानांवर न्यूयॉर्कच्या दुकानांच्या जाहिराती असायच्या, मुंगीएवढ्या अक्षरांत किमती. डॉलरचे रुपये करायचे, त्यावर कस्टम धरायचं आणि अंक मिटून चहाला जायचं.

त्यांचं भिंग मात्र सारखं फोटोंवर फिरायचं. छापलेला फोटो म्हणजे बारीक ठिपके, हे मला त्या भिंगातून कळलं. “सावलीतलं काय दिसंना. छपाईनं खाल्लं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवरीच्या काळ्याभोर केसांत बट न् बट दिसली नाही तर प्रिंट फाडून टाकणारा माणूस तो.

ही तक्रार जुनीच. मुंबईत १८५६ साली ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक निघालं, तेव्हा छापखान्यात फोटो छापताच येत नव्हता. अंकात खऱ्या प्रिंटा चिकटवून द्यायचे. पुढं हाफटोन आलं, फोटो ठिपक्यांत फोडून मजकुराबरोबर एकाच यंत्रावर निघायला लागला, म्हणून मासिकं स्वस्त झाली. अमेरिकन फोटोग्राफर आल्फ्रेड स्टीग्लिट्झनं मात्र आपल्या ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकात (१९०३ ते १९१७, अंक ५०) फोटोग्राव्हूरचा, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर फोटो कोरून सावल्या टिकवणाऱ्या छपाईचा, हट्ट धरला. त्यातली कितीतरी चित्रं पातळ जपानी कागदावर काढून हातानं चिकटवलेली असत. अण्णांचं त्याच्याशी जमलं असतं. पैशाच्या बाबतीतही, शेवटी स्टीग्लिट्झकडं वर्गणीदार फार थोडे उरले होते.

‘पॉप्युलर फोटोग्राफी’ १९३७ साली सुरू झालं आणि २०१७ साली त्याची छपाई थांबली. बातमी मी फोनवर वाचली. अण्णा तोवर राहिले नव्हते, आणि त्यांच्या अंकांचा ढीगही. घराला रंग काढला तेव्हा मीच तो रद्दीत घातला, किलोवर आलेला किलोवर गेला. एक अंक पलंगाखाली राहून गेला होता.

त्यात एका पानभर बर्फाचा फोटो आहे. बर्फ अण्णांनी कधी पाहिला नाही. पांढरं जास्त असलं की कॅमेऱ्याचा मीटर फसतो, फोटो काळवंडतो. समासात लिहिलंय : ‘पांढऱ्या टोप्या, धोतरं. एक स्टॉप उघडायचा.’